स्वादुपिंडाच्या जुनाट दाहाच्या तपासण्या: अहवालावर किती विसंबावे?

दमाणीनगर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी सोलापुरातील एका महाविद्यालयात सत्तावीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले. वैद्यक हा माझा विषय नाही, परंतु गेले पाच महिने घरातल्या एका दुखण्यामुळे मला त्यात शिरावे लागले आहे, आणि जे समजले ते बरोबर आहे की नाही हे जाणकारांकडून तपासून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

माझा भाचा ३१ वर्षांचा असून टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. दीड वर्षापासून त्याच्या बेंबीच्या वरच्या भागात दुखते, कळ पाठीत जाते आणि जेवणानंतर वाढते. दोनदा सोनोग्राफी झाली, दोन्ही वेळा 'नॉर्मल'. रक्तातील अमायलेज आणि लायपेज ही स्वादुपिंडाची पाचक एंझाइमे नॉर्मल. सीटी स्कॅनमध्ये काही आढळले नाही. शेवटी बाहेरगावी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (ईयूएस), म्हणजे दुर्बिणीवाटे आतून सोनोग्राफी, केला; त्याच्या अहवालात 'नऊपैकी चार लक्षणे, स्वादुपिंडाच्या जुनाट दाहाची शक्यता' असे लिहून आले. तो अहवाल पाहून दुसऱ्या एका डॉक्टरांनी 'असे काही नाही, हे आम्लपित्त आहे' असे सांगितले. त्या रात्री बहिणीने मला फोनवर विचारले, "दादा, तीन तपासण्या नाही म्हणतात आणि एक हो म्हणते, मग खोटं कोण बोलतंय?"

वर्गात हा विषय मी अनेकदा शिकवला आहे, पण तिला उत्तर देताना मला शब्द सापडले नाहीत.

तपासणीची अचूकता दोन आकड्यांत सांगतात. ज्यांना आजार खरोखर आहे अशा शंभर जणांपैकी किती जणांना तपासणी पकडते, ती संवेदनशीलता. ज्यांना आजार नाही अशा शंभर जणांपैकी किती जणांना ती सोडून देते, ती विशिष्टता. नेदरलँड्समधील संशोधकांनी ४३ अभ्यास आणि ३,४६० रुग्ण एकत्र घेऊन २०१७ साली या आजारासाठी हे आकडे काढले. सोनोग्राफीची संवेदनशीलता ६७ टक्के आणि विशिष्टता ९८. सीटीची ७५ आणि ९१. एमआरआयची ७८ आणि ९६. ईयूएसची ८१ आणि ९०. आणि तोंडावाटे दुर्बीण घालून स्वादुपिंडाच्या नळीत औषध सोडून एक्स-रे काढायच्या ईआरसीपीची ८२ आणि ९४.

हे आकडे भाच्याला लावून पाहिले. असे दुखणे घेऊन येणाऱ्या हजार जणांपैकी २०० जणांना हा आजार असतो असे धरू. हा माझा केवळ हिशेबासाठी घेतलेला अंदाज आहे. सोनोग्राफीत 'नॉर्मल' ठरणाऱ्यांत ६६ आजारी आणि ७८४ निरोगी राहतात. त्यांची सीटी केली आणि तीही 'नॉर्मल' आली, तर सुमारे १६ आजारी आणि ७१३ निरोगी उरतात. या सर्वांचा ईयूएस केला, तर १३ आजारी आणि ७१ निरोगी लोकांच्या अहवालात 'आजार आहे' असे येते. म्हणजे भाच्यासारखे तीन अहवाल हाती असलेल्या ८४ जणांपैकी फक्त १३ जणांना आजार आहे, टक्केवारीत साधारण १६. सुरुवात २० टक्क्यांपासून केली होती. एवढा पैसा आणि एवढी धावपळ करून आपण जवळजवळ तिथेच आलो, असा याचा अर्थ होतो का?

---

क्षकिरण

सर, आपला हिशेब गणिताच्या दृष्टीने बरोबर आहे, परंतु त्यात एक गृहीतक लपलेले आहे आणि या आजारात ते टिकत नाही. मी सोलापुरात रेडिओलॉजीचे काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सोनोग्राफीतून निसटलेल्या ६६ जणांपैकी तीन चतुर्थांश सीटीत सापडतील, असे आपण धरले. ७५ टक्के हा आकडा सर्व रुग्णांचा मिळून आहे, आणि त्यात ज्यांच्या स्वादुपिंडात मोठे खडे आहेत, नळी फुगली आहे, ग्रंथी सुकली आहे असे रुग्ण भरपूर असतात. ते रुग्ण सोनोग्राफीतच सापडतात. सोनोग्राफीतून जे निसटतात त्यांचा आजार सुरुवातीचा असतो. खडे झालेले नसतात, नळी जेमतेम बदललेली असते. नेमके तेच रुग्ण सीटीतूनही निसटतात. दोन्ही तपासण्यांची चूक एकाच माणसावर पडते. आपण त्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसारख्या मोजल्या, प्रत्यक्षात ते एकाच खिडकीतून पाहणारे दोघे आहेत.

सोनोग्राफीबद्दलही एक सांगतो. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवे असते. समोर जठर आणि मोठे आतडे, आणि त्यांत हवा. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी हवेतून पुढे जात नाहीत. रुग्ण चहा-पोहे खाऊन आला असेल, तर मी प्रोब कितीही दाबला तरी पडद्यावर हवेची पांढरी धूसर रेघ आणि तिच्याखाली काळोख, एवढेच दिसते. अशा वेळी रुग्णाला दोन पेले पाणी पाजून, थोडे थांबून, कुशीवर वळवून पुन्हा पाहावे लागते. पाण्याने भरलेले जठर मग खिडकीचे काम करते. एवढे करूनही शेपटीकडचा भाग अनेकदा दिसत नाही. तेव्हा अहवालात 'स्वादुपिंड नॉर्मल' असे शब्द आहेत की 'दिसलेला भाग नॉर्मल, उरलेला वायूमुळे झाकलेला' असे आहेत, हे कृपया पाहावे.

---

दमाणीनगर (धागाकर्ता)

डॉक्टर, मनापासून आभार. हे माझ्या लक्षात यायला हवे होते. आपण म्हणता ते दुसऱ्या टोकाला नेऊन पाहिले: सोनोग्राफीतून निसटलेल्यांपैकी सीटी एकालाही पकडत नाही असे धरले, तर ६६ जण तसेच राहतात, ईयूएस त्यांतील ५३ जणांना दाखवतो आणि निरोगी ७१ तेवढेच राहतात. मग १२४ पैकी ५३, म्हणजे ४३ टक्के. उत्तर १६ आणि ४३ यांच्या मध्ये कुठेतरी आहे. बहिणीला सांगण्यासारखे हे उत्तर नव्हे, हे मला कळते, पण 'तीन विरुद्ध एक' असे मत मोजणे चुकीचे आहे, एवढे तरी यातून स्पष्ट झाले.

दोन्ही सोनोग्राफींचे अहवाल आत्ताच काढून पाहिले. एकात 'स्वादुपिंड नॉर्मल'. दुसऱ्यात 'शेपटीचा भाग वायूमुळे दिसला नाही'. हे वाक्य आजवर आमच्यापैकी कोणीही वाचले नव्हते.

---

अशोकचौक

काका, माझ्या वडिलांचे असेच झाले होते, म्हणून लिहिते. ते यंत्रमागावर होते. चार वर्षांत सहा वेळा सोनोग्राफी झाली, दरवेळी वेगळ्या ठिकाणी आणि बहुधा संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर, पोटात काहीतरी असताना. प्रत्येक वेळी आम्लपित्ताच्या गोळ्या मिळाल्या. नंतर मधुमेह निघाला, वजन चौदा किलो उतरले आणि शौचाला तेलकट होऊ लागले, तेव्हा एका वयस्कर डॉक्टरांनी पोटाचा साधा एक्स-रे काढायला सांगितला. त्या साध्या फिल्मवर मणक्याच्या दोन्ही बाजूंना हरभऱ्याएवढे खडे ओळीने दिसत होते. मी ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पाहिली होती.

त्याहून जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न 'किती पितात?' असा असायचा. माझ्या वडिलांनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता. एका ठिकाणी तर आईसमोर 'खोटं बोलू नका' असे म्हणाले. घरी आल्यावर वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

---

क्षकिरण

ताई, आपल्या वडिलांना जे ऐकावे लागले त्याबद्दल वैद्यकीय व्यवसायातील एक माणूस म्हणून मला वाईट वाटते. शिवाय तो समज आकडेवारीलाही धरून नाही. भारतभरातील १,०८६ रुग्णांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. कारण तपासता आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ६० टक्के लोकांत दारू किंवा अन्य कोणतेही ठोस कारण आढळले नाही, आणि दारू हे कारण असलेले सुमारे ३९ टक्के होते. आपल्याकडे, विशेषतः दक्षिण भारतात, तरुण वयात मोठे खडे आणि लवकर येणारा मधुमेह असलेला प्रकार पूर्वीपासून नोंदलेला आहे, केरळमध्ये डॉ. गीवर्गीस यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. पुढे एसपीआयएनके१ या जनुकातील बदलाशी त्याचा संबंध दिसून आला. दारूचा प्रश्न विचारावाच लागतो, कारण दारू आणि तंबाखू या दोन्हींमुळे हा आजार होतो आणि वाढतो. पण उत्तर आधीच ठरवून तो विचारला, तर मधुमेह निघेपर्यंत कोणी पुढची तपासणी करत नाही.

एक्स-रेबद्दल आपण लिहिले ते महत्त्वाचे आहे. कॅल्शियमचे खडे दिसले की निदान जवळजवळ पक्के होते. खडे नसतील तर मात्र एक्स-रेने काहीच सिद्ध होत नाही.

---

नमुनाकक्ष

मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. रक्ताच्या तपासण्यांविषयी मूळ धाग्यात ओझरता उल्लेख आला आहे, म्हणून भर घालतो. अमायलेज आणि लायपेज ही एंझाइमे तीव्र दाहात, म्हणजे अचानक झटका येतो तेव्हा, वाढतात. जुनाट दाहात ग्रंथीचा काम करणारा भागच कमी होत जातो, त्यामुळे ती नॉर्मल येऊ शकतात. 'लायपेज नॉर्मल, म्हणजे स्वादुपिंड ठणठणीत' हे वाक्य मी काउंटरवर अनेकदा ऐकले आहे, आणि ते चूक आहे.

शौचातील इलास्टेज ही तपासणी जास्त उपयोगी आहे, पण तिचा प्रश्न वेगळा आहे. आजार आहे का, हे ती सांगत नाही. स्वादुपिंडाचा पाचकरस पुरेसा येतो का, हे सांगते. एक ग्रॅम शौचात २०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आले तर कमतरता, १०० पेक्षा कमी आले तर गंभीर कमतरता असे मानतात. सेक्रेटिन हे पाचकरस स्रवायला लावणारे संप्रेरक देऊन प्रत्यक्ष रस मोजण्याच्या तपासणीशी ताडून पाहता तिची संवेदनशीलता ७७ टक्के आणि विशिष्टता ८८ टक्के येते, असे २०१८ सालच्या एका एकत्रित अभ्यासात आहे. सुरुवातीच्या आजारात मात्र ती बहुतेक वेळा नॉर्मलच येते, कारण ग्रंथीकडे राखीव क्षमता खूप असते.

प्रत्यक्ष कामातली एक अडचण सांगतो. नमुना घट्ट असावा लागतो. झाकणाला छोटा चमचा जोडलेली डबी आम्ही देतो आणि बजावून सांगतो की जुलाब चालू असताना नमुना आणू नका, कारण पाण्यासारख्या शौचात एंझाइम विरळ होते आणि आकडा उगाच कमी येतो. तरीही लोक जुलाबाच्या दिवशीच आणतात, कारण त्यांचा त्रास त्या दिवशी असतो. डबीत नुसते पाणी दिसले की मी नमुना परत करतो. पेशंट चिडतात, एकदा एका आजोबांनी डबी टेबलावर आपटली होती, पण खोटा आकडा छापून देण्यापेक्षा ते बरे. आणखी एक: स्वादुपिंडाच्या एंझाइमच्या कॅप्सूल चालू असल्या तरी मोनोक्लोनल पद्धतीच्या, म्हणजे फक्त मानवी इलास्टेज ओळखणाऱ्या, या तपासणीत फरक पडत नाही, त्या बंद करून येण्याची गरज नाही.

---

बाळीवेस

एक साधा प्रश्न आहे, चुकीचा असेल तर क्षमस्व. एवढ्या मशिनी एकमेकींशी भांडत असतील, तर सरळ तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली का पाहत नाहीत? गाठीच्या वेळी तसेच करतात ना?

---

दमाणीनगर (धागाकर्ता)

बाळीवेस, हा प्रश्न चुकीचा मुळीच नाही. साऱ्या वादाचे मूळ तोच आहे. वैद्यकीय बाजू डॉक्टर सांगतील, मी संख्याशास्त्राची बाजू मांडतो.

कोणत्याही तपासणीची अचूकता मोजायची तर खरे उत्तर आधी दुसऱ्या मार्गाने माहीत असावे लागते. वजनाचा काटा बरोबर आहे का हे पाहायला प्रमाणित वजन लागते, तसे. या आजारात ते प्रमाणित वजन म्हणजे आपण म्हणता तो तुकडा. तो मिळतो बहुतेक ज्यांची शस्त्रक्रिया होते त्यांचाच, आणि शस्त्रक्रिया होते ती वाढलेल्या आजारात. म्हणजे काटा तपासायला आपल्याकडे फक्त पाच आणि दहा किलोची वजने आहेत आणि मोजायचे आहे पावशेर. तुकडा नसेल तेव्हा अभ्यासक दुसऱ्या तपासणीलाच खरे मानून चालतात, किंवा सर्व अहवाल समोर ठेवून तज्ज्ञांची समिती निदान ठरवते. समितीने ज्या ईयूएसच्या आधारे निदान केले, त्याच ईयूएसची परीक्षा त्या निदानावर घेतली, तर तो पास होणारच. विद्यार्थ्याने स्वतःच उत्तरपत्रिका तपासावी तसा हा प्रकार होतो.

दुसरा दोष नमुना निवडण्याचा. एका बाजूला पक्के आजारी आणि दुसऱ्या बाजूला अगदी धडधाकट माणसे घेऊन तपासणी केली, तर कोणतीही तपासणी हुशार दिसते. दवाखान्यात येणारा माणूस मात्र या दोघांच्या मधला असतो. अशा रचनेच्या अभ्यासांत तपासणीची निदानक्षमता, ऑड्स रेशोच्या (आजारी आणि निरोगी यांच्यात तपासणी किती फरक करते हे एका आकड्यात सांगणाऱ्या गुणोत्तराच्या) भाषेत, सुमारे तिपटीने फुगून दिसते, असे १९९९ साली १८४ अभ्यासांतील २१८ तपासण्या पडताळून दाखवले गेले आहे. म्हणूनच २००३ मध्ये आणि सुधारून २०११ मध्ये क्वाडास नावाची प्रश्नावली तयार झाली: रुग्ण कसे निवडले, अहवाल वाचणाऱ्याला खरे उत्तर आधी माहीत होते का, सर्वांची पडताळणी एकाच मापाने झाली का. मी आता कोणताही आकडा वाचताना हे तीन प्रश्न आधी विचारतो. वर दिलेल्या ८१ आणि ९० या आकड्यांमागचे अनेक अभ्यासही या कसोटीवर पूर्णपणे उतरत नाहीत, ही गोष्ट मी मूळ धाग्यात लिहायला हवी होती.

---

क्षकिरण

तुकड्याबद्दल सरांनी लिहिले ते योग्यच आहे. वैद्यकीय कारण असे की आजार ग्रंथीत सर्वत्र सारखा पसरलेला नसतो; सुई निरोगी भागात गेली तर उत्तर खोटे येते, आणि स्वादुपिंडाला सुई लावणे स्वतःच धोक्याचे आहे. ईआरसीपी याच कारणाने निदानातून मागे पडली. तिच्यामुळे शंभरात साधारण ३ ते १० जणांना तीव्र दाहाचा झटका येतो. आता ती खडे काढणे, नळी उघडी राहावी म्हणून तिच्यात स्टेंट (बारीक पोकळ नळी) बसवणे अशा उपचारांसाठीच करतात.

भाच्याच्या ईयूएसविषयी. या तपासणीत दुर्बीण जठरातून स्वादुपिंडाच्या अगदी जवळ जाते, त्यामुळे बारीकसे बदलही दिसतात; तिची ताकद आणि तिचा दोष दोन्ही इथेच आहेत. जुन्या पद्धतीत नऊ लक्षणे मोजतात: ग्रंथीत चमकणारे ठिपके, चमकणाऱ्या रेषा, नळीची जाड भिंत वगैरे. पाच किंवा अधिक असतील तर आजार मानण्याची पद्धत आहे. उंबरठा तीनवर आणला तर जास्त रुग्ण सापडतात, पण निरोगी माणसेही त्यात ओढली जातात. २००७ मध्ये अमेरिकेत रोझमाँट येथे तज्ज्ञ जमले आणि प्रत्येक लक्षणाला सारखे वजन न देता प्रमुख आणि दुय्यम अशी वर्गवारी केली गेली. त्याने शिस्त आली, तरी पाहणाऱ्याच्या नजरेचा फरक संपला नाही. त्याआधी, २००१ मध्ये, ११ अनुभवी तज्ज्ञांना ३३ रुग्णांच्या चित्रफिती दाखवल्या तेव्हा त्यांचे एकमत कप्पा या मापाने (पूर्ण एकमत म्हणजे १) ०.४५ एवढे, म्हणजे मध्यम, निघाले होते. शिवाय वाढते वय, लठ्ठपणा, दारू आणि धूम्रपान यांमुळे आजार नसतानाही दोन-चार लक्षणे दिसू शकतात. भाचा बिडी किंवा सिगारेट ओढतो का?

चार हा आकडा, सर, नेमका कुंपणावरचा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीने २०२० मध्ये सीटी किंवा एमआरआय आधी आणि त्यांनी उत्तर मिळाले नाही तरच ईयूएस, असा क्रम सुचवला, तो याच कारणाने.

आणखी एक काम करावे. सीटीचा छापील अहवाल राहू द्या, सीडी शोधा. कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उजळवणारे औषध, शिरेतून देण्यापूर्वीची साधी चित्रे त्यात आहेत का, हे पाहून घ्या. कॉन्ट्रास्टनंतर रक्तवाहिन्या आणि ग्रंथी उजळतात आणि अगदी बारीक खडे त्या उजेडात हरवू शकतात.

---

अशोकचौक

काका, सीडी मिळाली का? आमच्याकडे वडिलांची शेवटची सीडी टीव्हीखालच्या कप्प्यात लग्नाच्या सीडींमध्ये सापडली होती.

---

दमाणीनगर (धागाकर्ता)

सीडी मिळाली. बहिणीने ती गव्हाच्या डब्यामागे, रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली होती.

भाचा रोज बिडीचे एक बंडल ओढतो. हे त्याच्या आईला माहीत नव्हते, मला माहीत होते, आणि मी कोणत्याही डॉक्टरांना ते सांगितले नव्हते. वरचा प्रतिसाद वाचल्यावर त्याला घरी बोलावले आणि त्याच्यासमोर दोन्ही गोष्टी लिहून काढल्या: त्या चार लक्षणांपैकी काही बिडीमुळे दिसत असतील, आणि आजार खरोखर असेल तर बिडीने तो वाढेल. त्याने कागद दोनदा वाचला. "म्हणजे मामा, दोन्हीकडून बिडीच," एवढेच म्हणाला.

काल एका परिचित रेडिओलॉजिस्टांनी सीडी पाहिली. तिच्यात सर्व चित्रे कॉन्ट्रास्टनंतरची आहेत. आधीची साधी चित्रे घेतलीच नव्हती. म्हणजे 'सीटी नॉर्मल' हा अहवाल खडे नसल्याचा भक्कम पुरावा नव्हता, आणि माझ्या हिशेबात मी त्याला ९१ आणि ७५ असे पूर्ण गुण देऊन बसलो होतो. त्यांच्या सल्ल्यानुसार आणि पोटविकारतज्ज्ञांशी बोलून आता एमआरसीपीसह (स्वादुपिंडाच्या आणि पित्ताच्या नळ्यांच्या चित्रांसह) एमआरआय ठरला आहे. शौचातील इलास्टेज आणि मधुमेहासाठीची एचबीए१सी ही रक्ततपासणी त्याच आठवड्यात होतील. जुलाब नसलेल्या दिवशी नमुना द्यायचा हे भाच्याने स्वतःच मला सांगितले. या वेळचा एमआरआय नॉर्मल आला, तरी फाइल बंद न करता ठरावीक काळाने तपासणी पुन्हा करायची, असे तज्ज्ञांनी सांगितले आहे, कारण या आजारात काही रुग्णांचे निदान काळ गेल्यावरच पक्के होते.

बहिणीला मी काल उत्तर दिले. तिला म्हणालो, "खोटं कोणी बोललं नाही. एकीला शेपटीकडचं दिसलंच नव्हतं, एकीची अर्धी चित्रं काढलीच नव्हती, आणि एकीनं दिसलं ते सांगितलं, पण ते कशामुळे आहे हे तिला कळत नाही." तिने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "मग मंगळवारी उपाशीपोटी न्यायचं ना त्याला?" चार तास आधीपासून काही खायचे नाही, असे एमआरआय केंद्राने सांगितले आहे. वेळ सकाळी ८ ची आहे, त्यामुळे रात्रीच्या भाकरीनंतर काही देऊ नकोस, असे तिला सांगितले.

अहवाल आला की याच धाग्यावर लिहीन.